दोनशे तास गुलाबी गोंगाट

मोबाइलवरची गाणी आपण आजवर नीट ऐकलेलीच नाहीत, असं मला फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत वाटलं. वाटलं आणि सोडून दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी ते वहीत लिहिलं. (मी सगळं वहीत लिहितो. डुलुथच्या काउंटी कचेरीत जमिनींच्या नोंदी ठेवण्यात माझी तीस वर्षं गेली, आता हात थांबत नाही. थंडी किती होती, कॉफी कितवी होती, अंगणातला बर्फ शेजाऱ्याने आधी उपसला की मी, सगळं आहे.) आणि वहीत लिहिलेल्या गोष्टीचं पुढे काहीतरी करावं लागतं, ही माझी जुनी खोड.

अडचण अशी की माझ्या नव्या फोनला हेडफोन खुपसायचं भोकच नाही. कंपनीने ते बुजवून टाकलं. त्यामुळे फोन आणि कान यांच्यामध्ये एक डबी लावावी लागते. डबी काड्यापेटीएवढी. ती फोनमधले आकडे घेते, त्यांचा आवाज करते आणि त्या आवाजाला मागून एक धक्का देऊन हेडफोनमध्ये ढकलते. तिचं काम एवढंच. पण हे काम प्रत्येक डबी वेगळ्या स्वभावाने करते, असं ठाम मत असलेली हजारो माणसं इंटरनेटवर एका फोरमवर जमतात, आणि मी त्यांच्यातला एक.

माझ्याकडे चार डब्या आधीच होत्या. पहिली खरखर करायची. दुसरी खिशात उकडलेल्या बटाट्यासारखी तापायची. तिसरीत फोन आला की आधी टकटक ऐकू यायची. चौथीत काहीच दोष नव्हता, आणि दोष नसलेल्या वस्तूवर माणूस किती दिवस विचार करणार? तरी चौथी आणली तेव्हा मी बायकोला, तिने काही विचारलेलं नसताना, सांगून टाकलं होतं की आता पाचवी येणार नाही. ती म्हणाली होती, “तसं असेल तर बरंच आहे.” आमच्या भागात याच्यापेक्षा कडक शब्द कुणी वापरत नाही.

भाग म्हणजे अमेरिकेतला उत्तर मिनेसोटा, एका मोठ्या सरोवराच्या काठी. इथे “ठीक चाललंय” याचा अर्थ काल बक्षीस मिळालं. “जरासं दुखतंय” याचा अर्थ ॲम्ब्युलन्स बोलवा. आपल्याला काही येतं असं कुणी म्हणत नाही, आणि आपल्याला काही होतंय असंही कुणी म्हणत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते दुसरीकडे कुठे झालं नसतं.

तर त्या मंगळवारपासून मी पाचव्या डबीचा अभ्यास सुरू केला. एकतीस डब्यांचा तक्ता आखला. वजन, बॅटरी, किती तापते, भोकं किती, आणि शेवटचा रकाना ‘स्वभाव’. स्वभावाच्या रकान्यात फोरमवरच्या जाणकारांचे शेरे उतरवून घेतले: खालचा भाग मखमली, मधला भाग सढळ, वरचा भाग हवेशीर. मार्चमध्ये मिनियापोलिसच्या एका मोटेलात या मंडळींचा मेळावा होता, तिथेही जाऊन आलो. (बायकोला सांगितलं, नोंदणीचं प्रशिक्षण आहे. एका अर्थी होतंच.) सभागृहात चाळीस पुरुष, चाळीस टेबलं, आणि तीन तास अक्षरही नाही. प्रत्येकजण डोळे मिटून मान हलवतोय. बाहेरच्याला वाटलं असतं, कुणीतरी गेलंय.

तिथे मी एक काळी डबी ऐकली आणि मला व्हायोलिन वाजवणाऱ्याची बाही खुर्चीच्या हाताला घासलेली ऐकू आली. निदान मी तसं वहीत लिहिलं. शेजारच्या माणसाने आधीच ती बाही ऐकली होती आणि मला सांगितलं होतं, पण म्हणून काय झालं?

आता बायकोबद्दल. मार्लिस पियानो सुरात लावते. सत्तावीस वर्षं हाच तिचा धंदा. शाळा, चर्च, म्हाताऱ्या बायकांच्या बैठकीच्या खोल्या, आणि दर मे महिन्यात कॉलेजच्या सभागृहातला तो मोठा काळा पियानो, ज्यावर वसंतातला कार्यक्रम होतो. तिचा कान म्हणजे काय आहे, ते सांगतो. सकाळी ती स्वयंपाकघरात येते आणि म्हणते, “फ्रिज आज जरा उतरलाय.” म्हणजे त्याची घरघर कालच्यापेक्षा पाव सूर खाली आहे.

अशा बाईला मी माझ्या कानाबद्दल पटवून दिलं होतं, यावरून माझी चिकाटी कळेल. मी तिला म्हणायचो, “तुझं खातं सुराचं. माझं खातं पोताचं.” मग हवेशीरपणा समजावून सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “मला नाही बाई एवढं कळत.” तिला कळत नाही असं ती म्हणाली म्हणजे तिला कळत नाही, असं मी धरून चालायचो.

काळी डबी एप्रिलच्या शेवटी आली. कचेरीच्या पत्त्यावर मागवली होती. पण नवी डबी लगेच ऐकायची नसते. फोरमवरच्या जाणकारांचा हा मूळ नियम आहे. लोणचं जसं मुरावं लागतं तशी डबीही मुरवावी लागते, आणि तिच्याबरोबर हेडफोनही. त्यासाठी त्यांच्यातून दोनशे तास सलग एक खास आवाज सोडायचा. सगळे सूर एकदम वाजतात, खालचे थोडे जड, नळ सोडल्यासारखा तो आवाज. त्याला ‘गुलाबी गोंगाट’ म्हणतात. (गुलाबी का, ते मला माहीत नाही. मी वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.) दोनशे तासांनी डबीचा आतला ताठरपणा जातो आणि ती मोकळी होते. मोजून हे कुणी दाखवलेलं नाही. पण मुरवलं नाही आणि डबी बिघडली, तर जबाबदार कोण?

जागा हवी होती. बोळात टॉवेल-चादरींचं कपाट आहे, एका भिंतीपलीकडे बैठकीची खोली, दुसऱ्या भिंतीपलीकडे झोपायची. सगळ्यात वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या रजयांमागे, मी सामान मांडलं. जुना फोन, काळी डबी, आणि कपाटात प्लग नसल्याने एक जाडजूड पॉवर बँक, जी मी रोज सकाळी गुपचूप बदलायचो. हेडफोन नुसते ठेवून चालत नाहीत, ते डोक्यावर बसलेले असावे लागतात. डोकं म्हणून मी तळघरातल्या टोपलीतला कोबीचा गड्डा घेतला. बेताचा होता, साधारण माझ्याच मापाचा.

सोमवारी सकाळी सात वाजता गोंगाट सुरू केला, दार लावलं, बोळात उभा राहून कान दिला आणि वहीत लिहिलं: “दार लावल्यावर आवाज शून्य.” हे मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पुढच्या सगळ्या अनर्थात माझा प्रामाणिकपणा कुठेही कमी पडलेला नाही, हीच तर अडचण.

त्याच आठवड्यात आम्ही घर गरम ठेवणारी भट्टी बंद केली. मे उजाडला की ती बंद करायची, थंडी असली तरी. ऑक्टोबरपासून चाललेली तिची घुरघुर थांबली आणि घर एकदम शांत झालं.

मंगळवारी न्याहारीला मार्लिसने अंड्यावर मीठ टाकता टाकता हात थांबवला.

“ऑरिन, तुला पाण्याचा आवाज येतोय?”

“कुठे?”

“भिंतीत असेल. नाहीतर छतात. सू असं.”

मी ऐकलं. अगदी मन लावून, डोळे मिटून ऐकलं. “नाही.”

“अजिबात नाही?”

“मार्लिस, मला व्हायोलिनवाल्याची बाही ऐकू येते. भिंतीत पाणी वाहत असतं तर आलं नसतं का ऐकू?”

तिने अंड्याकडे पाहिलं. “ते खरं,” ती म्हणाली.

बुधवारी मी घरी आलो तर नळाला पाणी नाही. तिने तळघरातला मुख्य कॉक बंद केला होता आणि एक तास जिन्यावर बसून ऐकत होती. गुरुवारी दिवे नव्हते. तिने अख्ख्या घराची वीज बंद केली होती. फ्रिज गप्प, घड्याळ गप्प. मी टॉर्च घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

“थांबला का?” मी विचारलं.

“नाही. सगळं बंद केलं तरी चालूच आहे.” तिने टॉर्चच्या उजेडात छताकडे पाहिलं. “म्हणजे तो घरात नाही.”

“मग कुठे आहे?”

तिने एक बोट उचलून स्वतःच्या कानाला लावलं.

(त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण मी माणूस पुराव्याने चालणारा. वहीत “आवाज शून्य” लिहिलेलं होतं.)

“चर्चमध्ये येतो का?” मी विचारलं.

“तिथे खाली बॉयलर असतो. रस्त्यावर वारा असतो, सरोवर असतं. अगदी शांत असतं तिथेच येतो. आईचंही असंच सुरू झालं होतं.”

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि तिची समजूत घातली. काय म्हणालो ते वहीत आहे म्हणून सांगावं लागतंय. मी म्हणालो, “वय होतं, मार्लिस. सगळ्यांचेच कान माझ्यासारखे राहत नाहीत.”

तिने माझ्या हातावर थोपटलं.

शुक्रवारी तिने दोन फोन केले. एक कानाच्या दवाखान्यात. त्यांनी पुढच्या गुरुवारची वेळ दिली. दुसरा क्लेटन वुओरीला. हा पुलापलीकडे, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात राहतो, तोही पियानो लावतो, आणि सत्तावीस वर्षं मार्लिसचा प्रतिस्पर्धी आहे. म्हणजे ख्रिसमसला ते एकमेकांना कार्ड पाठवतात आणि एकमेकांचं गिऱ्हाईक घेत नाहीत.

“कॉलेजचा पियानो येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी लावायचाय,” ती मला म्हणाली. “दोन तारा एकदम वाजवल्या की त्यांच्यात एक लहर येते. ती लहर मोजत मोजत थांबवायची, म्हणजे पियानो लावणं. कानात सू चालू असताना मी काय मोजू? अंदाजाने लावायचा आणि कार्यक्रमातल्या पोरीने त्यावर वाजवायचं? तसं मी नाही करणार. क्लेटनला सगळं देऊन टाकते.”

“सगळं म्हणजे?”

तिने पाककृतींच्या कार्डांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. पाककृती त्यात कधीच नव्हत्या. एकेका पियानोचं एकेक कार्ड होतं. मी काही कार्डं वाचली. “खालचा डावा पाय हलतो, खाली पुठ्ठा ठेवलाय, काढू नये.” “बाईंना ऐकू येत नाही, तरी लावून झाल्यावर एक गाणं वाजवून दाखवावं.” “पेडलपाशी कुत्रं झोपतं. उठवू नये, वळसा घालून बसावं.” तीस वर्षं नोंदी ठेवणारा माणूस आहे मी. अशा नोंदी मी एकही केलेली नाही.

त्या दिवशी मला पाचव्या डबीबद्दल सांगून टाकावंसं वाटलं. पण मी विचार केला, तिला आधीच एवढं दुःख आहे, त्यात ही भर कशाला? शिवाय मनात एक बेत होता. डबी मुरली की तिलाच द्यायची. एवढ्या स्वच्छ आवाजात कदाचित तिला पुन्हा नीट ऐकू येईल. या आशेने मी पॉवर बँक रोज बदलत राहिलो, आणि शनिवारी तर आवाज दोन घरं वाढवला, म्हणजे लवकर मुरेल.

रविवारी चर्च आटोपून क्लेटन दुपारी दोनला आला. वय चौऱ्याहत्तर, उंच, वाळका, हॅट हातात. मार्लिसने त्याला बैठकीच्या खोलीत, कपाटाच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीवर बसवलं. कॉफी ओतली. मी फ्रीझरमधल्या, गेल्या वर्षीच्या रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या आणून ठेवल्या.

“रस्ता कसा होता?” मी विचारलं.

“ठीक होता,” क्लेटन म्हणाला. मग त्याने मान जराशी डावीकडे कलती केली आणि तशीच ठेवली.

“पुलावर वारा असेल.”

“होता थोडा.”

मार्लिसनेही मान कलती केली होती, उजवीकडे. दोघं समोरासमोर बसून असे तिरके दिसत होते, आणि मधे मी सरळ. मला वाटलं, हे पियानोवाल्यांमध्ये आदराने करत असतील. मीही थोडी मान कलती केली.

“क्लेटन, तुम्हाला सगळं समजावून सांगते,” मार्लिसने डबा पुढे केला. “अ ते ल शहरातले, पुढचे बाहेरचे. कॉलेजचं कार्ड सगळ्यात वर आहे.”

“मार्लिस, तुमचे कान बरे होतील. थोडे दिवस थांबून बघा.”

“थांबून वाट कुणी बघायची? कार्यक्रम शनिवारी आहे.”

“हो, तेही आहेच.” त्याने कपाळावरून रुमाल फिरवला. “वड्या छान झाल्यात.”

“आणखी घ्या.”

“नको, पुष्कळ झालं.” मग त्याने एका वडीचं अर्धं घेतलं. मग उरलेल्या अर्ध्याचं अर्धं घेतलं. उरलेल्या पाव वडीला कुणी हात लावला नाही. शेवटचा तुकडा घेणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचाय.

तीन वाजता त्याने मांड्यांवर हात मारले. “चला तर मग.” याचा अर्थ निघायला अजून चाळीस मिनिटं आहेत. उभं राहून दहा मिनिटं, बोळाच्या तोंडाशी दहा, दाराशी वीस. दाराशी आल्यावर त्याने हॅट घातली. काढली. पुन्हा घातली. डबा त्याच्या काखेत होता.

“मार्लिस,” तो म्हणाला, “हे मी नेऊ शकत नाही.”

“का?”

“तुम्हाला फसवल्यासारखं होईल. मी आधीच सांगायला हवं होतं, पण तुम्ही इतक्या दुःखात, म्हटलं माझं कशाला मधे. माझेही कान गेले.”

“अरे देवा. कधी?”

“आज.”

“आज कधी?”

“दोन वाजून पाच मिनिटांनी. तुम्ही कॉफी ओतत होतात.”

मार्लिस एक पाऊल जवळ आली. मग तिने अगदी हळू विचारलं, “कसा आवाज येतो?”

“सू. सगळे सूर एकदम.”

“खालचे जरा जड?”

“हो, जरा जड. आणि मधेच एक क्षण थांबतो.”

“दर दहा मिनिटांनी,” मार्लिस म्हणाली.

“दर दहा मिनिटांनी. श्वास घेतल्यासारखा.”

मी मागे कोट घेऊन उभा होतो. गुलाबी गोंगाटाची फाइल दहा मिनिटांची आहे. संपली की अर्धा क्षण थांबून पुन्हा सुरू होते. मला अजूनही काही ऐकू येत नव्हतं. पण आपल्याला काय ऐकू येत नाहीये, ते मला आता कळलं होतं.

“क्लेटन,” मार्लिस म्हणाली, “दोन माणसांच्या डोक्यातला आवाज एकाच वेळी श्वास घेतो का?”

“तसं कधी ऐकलं नाही बुवा.”

“मी जरा एक टॉवेल घेऊन येतो,” मी म्हणालो.

पण उशीर झाला होता. दोघं बोळात शिरली होती. भिंतीला कान लावत, एक पाऊल पुढे, एक मागे, अशी ती चालली होती. बोलत नव्हती, नुसती एकमेकांकडे बघून मान हलवत होती. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकत्र केलेलं हे पहिलं काम असावं. कपाटापाशी थांबली. मार्लिसने दार उघडलं, स्टूल ओढलं, रजया बाजूला केल्या.

दार उघडल्यावर तो मलाही ऐकू आला. थोडासा.

वरच्या फळीवर, माझे सगळ्यात चांगले हेडफोन घालून, कोबी बसला होता. सहा दिवसांत त्याची बाहेरची पानं सुकून मागे वळली होती, त्यामुळे तो फार विचारात पडल्यासारखा दिसत होता. क्लेटनने हॅट काढली.



“ऑरिन,” मार्लिस म्हणाली.

“हं.”

“हा काय ऐकतोय?”

“गुलाबी गोंगाट.”

“आवडतोय का त्याला?”

क्लेटनने काखेतला डबा काढून अलगद टॉवेलांवर ठेवला. “हा इथेच बरा,” तो म्हणाला. त्याचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता. “चला तर मग.” आणि तो ताबडतोब गेला. दाराशी एक मिनिटही थांबला नाही. आमच्या गावात असं वागण्याला घाईत पळून जाणं म्हणतात. पुलापलीकडे पोचेपर्यंत तो गाडीत एकटाच हसत होता, हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं.

मार्लिसने डबीचं बटण बंद केलं आणि स्टुलावर बसली. डोळे मिटून घर ऐकलं. फ्रिज, घड्याळ, बाहेर कुठेतरी कुणाचा तरी ट्रक. तिच्या गालावरून पाणी आलं आणि ती हसली, दोन्ही एकदम. मी वही काढली नाही. एवढी अक्कल मला होती.

मग मी सगळं सांगितलं. पाचवी डबी, मोटेल, मुरवणं, माप घेऊन निवडलेला कोबी. मला वाटलं आता कान उपटले जाणार. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि तिने एकच विचारलं.

“तुला खरंच ऐकू येत नव्हतं?”

“खरंच.”

“खोटं नव्हतास बोलत? मंगळवारी?”

“शपथेवर सांगतो. मी डोळे मिटून ऐकलं होतं.”

यावर ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिने माझ्याकडे पाहिलं ते एखाद्या गिऱ्हाइकाकडच्या पियानोच्या आत वाकून पाहावं तसं. “गुरुवारची वेळ मी रद्द करत नाही,” ती म्हणाली. “तू जा.”

गुरुवारी जोलीन बर्गस्टॅड नावाच्या बाईंनी मला एका जाड भिंतींच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले (मधला भाग कोरडा, मी मनात म्हटलं) आणि हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे सगळे मी दाबले. मग शांतता झाली. बाई चहाला गेल्या असाव्यात, असं समजून मी वाट पाहत बसलो. पुष्कळ वेळाने काचेपलीकडून त्यांनी हात केला. परीक्षा संपली होती.

त्यांनी आलेख दाखवला. रेघ अर्ध्या कागदापर्यंत सरळ येत होती आणि मग आमच्या गल्लीसारखी सरळ सरोवरात उतरत होती.

“इथून पुढे तुम्हाला जवळजवळ काही नाही,” त्या म्हणाल्या.

“इथून पुढे असतं काय?”

“पक्षी. घड्याळाची टिकटिक. ‘स’, ‘फ’ अशी अक्षरं. कपड्यांची सळसळ.”

काळ्या डबीच्या हवेशीर वरच्या भागावर मी फोरमवर चौदा परिच्छेद लिहिले होते. डबी मुरायच्या आधीच, मेळाव्याच्या टिपणांवरून. एकसष्ट जणांनी आभार मानले होते. त्यांच्यातल्या कितीजणांचा आलेख कुठे उतरतो, हा विचार मी तिथे बसून केला आणि मला जरा धीर आला.

बर्गस्टॅडबाईंनी माझ्यासमोर दोन इवलेसे दाणे ठेवले. शेंगदाण्यापेक्षा थोडे मोठे. “हे कानामागे. आवाज घेतात, त्याचे आकडे करतात, तुम्हाला कमी पडेल तेवढाच जोर देतात आणि परत आवाज करून आत सोडतात. फोनलाही जोडता येतात. फोनवरची गाणी थेट यातच येतील. दोन आठवडे वापरून बघा.”

मी सवयीने वजन विचारलं. बॅटरी विचारली. मग म्हणालो, “आणि निवड कशी करायची? बाकी किती प्रकार आहेत? मला तक्ता करावा लागेल.”

“तुम्ही निवडायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आलेख निवडतो.”

चार मिनिटांत काम झालं. फेब्रुवारीपासून चाललेला माझा शोध असा एका बाईने, मला न विचारता, संपवला.

शनिवारी मी मार्लिसबरोबर कॉलेजच्या सभागृहात गेलो. ती वर पियानोपाशी, मी शेवटच्या रांगेत. रिकाम्या सभागृहात तिने अगदी वरच्या दोन तारा एकत्र वाजवल्या आणि मला ती ऐकू आली, ती लहर. पाण्यात हलणाऱ्या उजेडासारखी, थरथरत. तिने तार ताणायची किल्ली किंचित फिरवली. लहर लांबली. आणखी किंचित फिरवली. आणखी लांबली, मंद झाली, आणि मग नाहीशीच झाली. दोन तारांची एक तार झाली. सत्तावीस वर्षं माझी बायको दिवसभर काय करत होती, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी वर जाऊन तिला म्हणालो, “मला ऐकू आलं.” पुढची तार लावताना तिने मला जवळ उभं राहू दिलं.

परत येताना गाडी ती चालवत होती. मी इतका भारावलो होतो की दोन तारांमधली लहर म्हणजे काय, ती कशी येते, कशी थांबवावी, हे मी तिला सविस्तर समजावून सांगायला लागलो. दहाएक मिनिटं झाली असतील. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून, ओठही न हलवता, ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “आता हा मलाच शिकवणार.”

मी थांबलो. “काय म्हणालीस?”

गाडी किंचित हलली. “तुला ऐकू आलं?”

“शब्द न शब्द.”

तिने दोन सिग्नल ओलांडले.

“हे असं,” मी विचारलं, “खालच्या आवाजात, तू नेहमी बोलतेस?”

“नेहमी नाही.” ती खरं बोलणारी बाई आहे, म्हणून तिने जरा आठवून पाहिलं. “तू बोलत असतोस तेव्हाच.”

“कधीपासून?”

“झाली असतील पंधरा-सोळा वर्षं. तू कधी काही म्हणाला नाहीस, मला वाटलं तुझी हरकत नाही.”

सरोवरावर अजून थोडा बर्फ तरंगत होता आणि ऊन चांगलं पडलं होतं. आम्ही टेकडी चढून आमच्या गल्लीत वळलो.

“त्या दाण्यांची बॅटरी किती तास चालते म्हणाल्या त्या?” तिने विचारलं.

“अठरा.”

तिने गाडी अंगणात लावली, इंजिन बंद केलं आणि थोडा हिशेब केला.

“म्हणजे सहा तास मिळतील मला,” ती म्हणाली. “माझं बोलणं तेवढ्यात बसवते.”